कासव पाण्यात राहत नाही

४ मार्च
आमटीवर अन्याय होतो आहे, याची इथे नोंद असावी. आजही खारट! मालनकडे रीतसर तक्रार केली. म्हणाली, "अहो, मीठ नेहमीपेक्षा कमीच घातलंय. जीभ दाखवून या कुठेतरी." सहधर्मचारिणीने या जिभेवर ठेवलेला हा पहिलाच आरोप नव्हे.

६ मार्च
या सत्रात संस्कृतला मुलं नाहीत, म्हणून प्राचार्यांनी 'शाश्वत विकास' माझ्या गळ्यात घातला. शब्द तुमच्याच खात्यातला आहे म्हणाले. वर्गात अंजनवेल गावची रसिका आहे. तिने विचारलं, "सर, हे परीक्षेपुरतं की खरंच?" खरंच, म्हटलं. ठरलं — प्रत्येकाने घरच्या विहिरीचं पाणी बाटलीतून आणायचं, यंत्राने क्षार मोजायचे.

८ मार्च
विहिरीतलं कासव वर आलं आहे. वडिलांनी सोडलेलं, पाणी राखायला. आमच्याकडे रीतच ती. आम्ही वरून भात टाकायचा, त्याने खालून नाक दाखवायचं, एवढीच ओळख. आज विहिरीच्या पायरीवर, कोरडं, घराकडे तोंड करून बसलेलं. उचलून पाण्यात सोडलं.
मालन वेदिकाची खोली झाडते आहे. पोरगी पुण्याहून बाळंतपणाला येते. टँकरच्या पाण्याला विटली आहे. बाळाची पहिली अंघोळ आपल्याच विहिरीच्या पाण्याने, असं फोनवर बजावलंन.

९ मार्च
पुन्हा पायरीवर.

११ मार्च
आज न्हाणीच्या दाराशी! पाण्यात सोडलं तर बुडी मारली नाही. सरळ पायरीकडे वळलं. घरामागच्या खाडीला भरती होती. विहिरीच्या तळातून कुणी सावकाश श्वास घ्यावा तसा आवाज येत होता. मालन म्हणते, भास. पण भात टाकायला ती आता कठड्याशी जात नाही — लांबूनच भिरकावते.

१२ मार्च
आदर्श नमुना म्हणून आमच्या विहिरीचं पाणी वर्गात नेलं. आधी बढाईही मारली. सगळ्या बाटल्यांत खारट तेच.
रसिका म्हणाली, "समुद्राचं भरून आणलंत ना, सर? आमची परीक्षा घ्यायला?"
मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी हो म्हणालो.

१४ मार्च
वेदिका उद्या येते. कासव दारात नाही, पायरीवर नाही, विहिरीतही दिसत नाही. मालन विहिरीच्याच पाण्याने हंडे भरून ठेवते आहे. तिला थांबवलं नाही.
शाश्वत म्हणजे काय, ते मला वर्गात सांगता येतं. बाळाला कुठल्या पाण्याने न्हाऊ घालायचं, ते ठाऊक नाही. भीती वाटते.