विचारायच्या आधीच तू कळवलंस

मावशी, तू जाऊन बरीच वर्षं झाली, आणि मी आत्ता टेक्ससमधल्या हायवेवरच्या एका डायनरमध्ये बसून तुला लिहितेय. इथं काही दिवस भांडी घासली, उद्या बसनं पुढं निघेन. क्युपर्टिनोला कुणा मराठी घरात मुलं सांभाळायला बाई हवी आहे म्हणे. जमलं तर तिथं, नाही तर आणखी पुढं. कॉलेज असंच वाटेत कुठंतरी राहून गेलं. इथला ॲपल पाय इतका गोड असतो की तुझ्या घशाखाली एक घास उतरला नसता. पण ते जाऊ दे. काल गल्ल्यावरच्या बाईनं सहज विचारलं, तुला वाढवलं कुणी? मी म्हटलं, एका नर्सनं, नात्यातली नव्हती, आणि सरकारला स्वतः जाऊन सांगून वाढवलं. सांगताना माझी मान अशी ताठ झाली की ती हसायला लागली.

पिस्कॅटवेच्या त्या अपार्टमेंटमध्ये तू आमच्या समोरच्या दारात. आई गेली, मग बाबांची नोकरी गेली, मग त्यांना आखातात काम मिळालं आणि तिथं मला नेता येईना. तुझ्या दारात माझी सुटकेस ठेवून ते नुसते उभे राहिले. तू म्हणालीस, "ठेवा ना. पोरगी आहे, फ्रिज थोडीच आहे जागा नाही म्हणायला." झालं, एवढाच करार. आपल्या लोकांत याहून जास्त काय लागतं?

पण हॉस्पिटलात तुला कळलं की नात्यात नसलेलं मूल असं घरी ठेवलं तर समाजसेवा खात्याला कळवावं लागतं. त्या रविवारी वरच्या मजल्यावरचे काका चहाला आलेत, तू कांदा चिरतेयस, मी टेबलाखाली बसून तुझ्या जुन्या वहीत बाराखडी गिरवतेय.

"सिस्टर, कशाला सापाच्या बिळात हात घालता?" काका म्हणतात. "कुणी विचारलंय का तुम्हाला?"

"विचारलं नाही म्हणूनच तर सांगायचं. विचारल्यावर सांगितलं तर ती कबुली होते."

"अन् पोरगी घेऊन गेले तर?"

सुरी थांबते. "तर मी मागं मागं जाईन. पण लपवणार नाही, काका. आम्ही कायद्याच्या जोरावर वर आलेली माणसं, आता त्यालाच पाहून दार लावून घेऊ काय?"

काकांनी चहा अर्धा ठेवला. तू सोमवारी ड्युटी बदलून घेतलीस आणि कौंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, ऑफिसात जाऊन आलीस.

मग त्या ऑफिसातली एक उंच बाई घर बघायला येणार म्हणून निरोप आला. तू काय केलंस? पाहुणे येणार म्हटल्यावर आपल्या बायका करतात तेच. माझं अंथरूण, वह्या, चपला, दात घासायचा हिरवा ब्रश, खिडकीला डकवलेली चित्रं, सगळं कपाटात कोंबून दार दाबून लावलंस. घर असं चकचकीत की जणू त्यात कुणी राहतच नाही. ती बाई सगळ्या खोल्या फिरली आणि म्हणाली, "घर सुंदर आहे. पण मूल कुठं राहतं?"

तुझा चेहरा मला अजून दिसतो. कशालाच न भिणारी तू, तेव्हा घाबरलीस. मग तरातरा जाऊन कपाट उघडलंस, आणि माझी गादी त्या बाईच्या बुटांवर कोसळली. तू ती ओढत नेऊन तुझ्या गादीशेजारी कार्पेटवर पसरलीस. "ही इथं झोपते, मी इथं. रात्री लाथा मारते," तू तुझ्या इंग्रजीत म्हणालीस. "आमच्याकडे पाहुणे आले की पसारा लपवतात. हा सगळा हिचा पसारा. ही माझा पसारा."

ती बाई वाकली, पायाशी आलेला ब्रश उचलून तुझ्या हातात दिला आणि म्हणाली, मुलीला स्वतःचा पलंग लागेल. तू म्हणालीस, उद्या आणते. आणलासही. मी त्यावर वह्या ठेवायचे आणि झोपायला खाली तुझ्याशेजारी.

परवानगीचं पत्र आलं तेव्हा तू ते घेऊन जिना चढलीस, काकांना दाखवलंस, चहा न घेता उतरलीस. तुझ्या मागून उतरताना मला वाटत होतं, सगळ्या अपार्टमेंटनं दारं उघडून आपल्याकडे बघावं.

बाबा परत आले, तू मला समोरच्या दारात सोडलंस, आणि पुढच्याच हिवाळ्यात गेलीस.

घर बघायला आली त्या दिवशी ती बाई मला एकटीला बाल्कनीत घेऊन गेली होती. काचेपलीकडं तू पोह्यांची बशी धरून उभी. आम्ही काय बोललो ते तू कधी विचारलं नाहीस. तिनं विचारलं होतं, बाबा येईपर्यंत इथं राहायला आवडेल का? मी म्हटलं, बाबा आले तरी. तिनं कागदावर नुसतं 'हो' लिहिलं.

बाबा अजून पिस्कॅटवेलाच आहेत. फोन केला की दर वेळी विचारतात, कधी येतेस? मी तेव्हा काय म्हटलं ते त्यांनी कधी वाचू नये, म्हणून तुला लिहिलेला हा कागद बॅगेत ठेवायचीसुद्धा मला भीती वाटते.