पंधरावं मिनिट

सोमवार, ४ मार्च
नोकरीचा पहिला दिवस झकास गेला! लसीतल्या घटकांची अ‍ॅलर्जी तपासायची आमची प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या, एक फ्रिज आणि बाकावर दाटीवाटीने बसलेली माणसं. काम सोपं. हातावर पेनाने आकडे लिहायचे, प्रत्येकापाशी एकेक थेंब ठेवून हलकंसं टोचायचं. १ अंड्यातलं प्रथिन, २ यीस्ट, ३ जिलेटिन. पंधरा मिनिटांनी गांधी, म्हणजे लाल फुगवटा, उठलीय का, ते पट्टीने मोजायचं. नसेल तर माणूस वरच्या मजल्यावर लस घ्यायला मोकळा.

मंगळवार, ५
डॉक्टर सातव्या मिनिटालाच हात बघून 'काही नाही' लिहितात. त्यांना सगळे घाईसाहेब म्हणतात ते उगाच नाही. पंधरा मिनिटांची आठवण केली तर म्हणाले, बाई, रांग बघा, शहाणपण घरी ठेवून या. तळपायाची आग मस्तकात गेली. नवी आहे म्हणून पुढच्या हातावर आकडे लिहायला घेतले.

गुरुवार, ७
हात धुताना माझ्याच हातावर २ दिसला. शेजारी टपोरी गांधी. अक्षर माझं, पण शेपूट फराटलेला तो आकडा मी सकाळी एका सुताराच्या हातावर लिहिला होता, त्याने हात हलवला म्हणून फराटलेला. दुपारी उगाचच घसा आवळला होता. सुताराच्या घरी फोन केला. बायको रडत म्हणाली, लस घेतली आणि श्वासच कोंडला, अजून शुद्धीवर नाहीत. वेळ माझा घसा आवळला तीच.

शुक्रवार, ८
आज माझ्या हातावर चार गांधी उठल्या, प्रत्येक त्या त्या माणसाला टोचल्यापासून बरोबर पंधराव्या मिनिटाला. धावत वर जाऊन चौघांनाही थांबवलं. डॉक्टरांच्या नाकासमोर हात धरला. म्हणाले, तुम्हाला कामाचीच अ‍ॅलर्जी आहे. आणि हसले! माणसं मरणाच्या दारात आणि हा दात काढतो. उद्यापासून मला वर जायची बंदी.

शनिवार, ९
दोन वेण्यांची मुलगी, सात वर्षांची. ताई, दुखेल का, म्हणाली. नाही म्हटलं. सातव्या मिनिटाला सही. मी आडवी आले, तर मला फ्रिजच्या खोलीत ढकलून बाहेरून कडी —

१०.१५ — उठली. ३. जिलेटिन. दार बडवतेय, कुणी —

१०.१९ — माझे ओठ सुजले. म्हणजे वर सुई —

मेल्या, पंधरा मिनिटं! एवढंच मागत हो