दोन साखळ्यांचं हिमोग्लोबिन

३ एप्रिल
आजपासून क्रांती. प्रोटीनची रचना यापुढे फळ्यावर काढायची नाही, कॉम्प्युटरवर गरगर फिरवून दाखवायची. जूनमध्ये माझ्या जागेची जाहीर परीक्षा आहे. समितीसमोर एक तास शिकवायचं, पसंत पडलं की कायम. चौदा वर्षं हंगामी आहे मी. समितीत दोन प्रोफेसर आणि विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी, त्यालाही मत. उमेदवार किती? एक. मी. अख्ख्या तुकुमानमध्ये काय, अख्ख्या अर्जेंटिनात इतकी सोपी परीक्षा कुणाची झाली नसेल.

४ एप्रिल
दुपारी सॉफ्टवेअर शिकणार होतो. पण दुपारी या गावात कुत्रंसुद्धा जागं नसतं. झोपलो. उद्या नक्की.

५ एप्रिल
मेनू सगळा इंग्रजीत. माझं इंग्रजी उत्तम आहे, मेनूतलं इंग्रजी वेगळं असतं. लॅब असिस्टंट नेलिदा म्हणाली, मी शिकवते. तिला इथे लागून जेमतेम सहा वर्षं झालीत. गोड बोलून नको म्हटलं.

१० एप्रिल
पहिला तास. माउसला हात लावला आणि प्रोटीन स्क्रीनवरून उडून गेलं. पुन्हा आलं नाही. चाळीस मिनिटं काळ्या स्क्रीनसमोर उभा राहून 'प्रोटीनमधल्या पोकळ्या' या विषयावर बोललो. पोरांनी लिहून घेतलं. एकंदरीत चांगला झाला.

२४ एप्रिल
हिमोग्लोबिन. फाइल उघडली, साखळ्या मोजल्या. दोन. पुस्तकात चार. पुन्हा मोजल्या. दोनच! चौदा वर्षं मीही चार शिकवल्या, नाही कशाला म्हणू. पण पुस्तक माणूस लिहितो, फाइल क्ष-किरणांनी मोजलेली असते. विज्ञान पुढे जातं, आपण मागे राहू नये. वर्गात ठणकावून सांगितलं: दोन. पहिल्या बाकावरची यामिला रॉबलेस म्हणाली, चार असतात. म्हटलं, बाई, डोळ्यांनी बघ. बघितलं तिने. स्क्रीनपेक्षा माझ्याकडेच जास्त वेळ बघितलं.

१५ मे
पेपर तपासले. सव्वीस जणांनी दोन लिहिलं, त्यांना पूर्ण मार्क. यामिलाने चार लिहिलं. शून्य. मन घट्ट करावं लागलं, पण शिक्षकाला ते करावंच लागतं. नेलिदा म्हणाली, त्या फाइलमध्ये नक्की काय असतं ते एकदा वाचा. म्हटलं, परीक्षा होऊ दे.

२५ मे
राष्ट्रीय सुट्टी. घरोघरी लोक्रो शिजलं होतं, मका-मांसाचं घट्ट कालवण. तीन वाडगे खाल्ले. फाइलविषयी वाचायला बसणार होतो, पोटाने परवानगी दिली नाही.

१२ जून
विद्यार्थी संघटनेने समितीवरचा प्रतिनिधी नेमला. यामिला रॉबलेस. बरं झालं, ओळखीची आहे. हात जरा गार पडलेत. इथे जून म्हणजे हिवाळा, हवाच तशी आहे.

२१ जून
रिवाजाप्रमाणे तासाच्या बरोबर चोवीस तास आधी विषयाची चिठ्ठी निघाली. बारा चिठ्ठ्यांतून हिमोग्लोबिन! दैव माझ्या बाजूने आहे. नेलिदा दारात येऊन विचारून गेली, वाचलंत का? म्हटलं, आता वेळ कुठे आहे.

२२ जून, दुपारी १
तास झाला. रेणू एकदाही उडाला नाही. दोन साखळ्या फिरवल्या, रंगवल्या, जवळ आणल्या. समितीतले कोर्दोबाहून आलेले प्रोफेसर पुढे वाकून बघत होते. मला वाटलं, भारावलेत. मग यामिलाने हात वर केला. आता मार्कांचं काढणार, असं वाटलं. काढलं नाही. अगदी हळू बोलली.

"प्रोफे, या फाइलमध्ये अर्धाच रेणू ठेवलाय. उरलेला अर्धा अगदी तसाच असतो, म्हणून परत लिहीत नाहीत. एक बटण दाबलं की पूर्ण दिसतो. दाबू का?"

मी माउस बाजूला सरकवला. ती उठून आली आणि तिने बटण दाबलं. चार. कोर्दोबाचे प्रोफेसर खिडकीबाहेर बघायला लागले. ती चिडून बोलली असती तर सोपं गेलं असतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तोंडातून निघालंच, "मी तिथेच येत होतो."

२३ जून
निकाल लागला. जागा रिकामी ठेवली आहे. पात्र उमेदवार मिळाला नाही. म्हणजे शर्यतीत एकटा होतो आणि तरी हरलो. पण वर्ग कुणीतरी घ्यायला हवा, म्हणून डीनबाईंनी मलाच पुन्हा हंगामी नेमलं. सोमवारी तास आहे. सव्वीस जणांना काय तोंड दाखवू?

समितीचा अहवाल वाचायला दिला होता. विरोधात दोन मतं, बाजूने एक. ते एक यामिलाचं. शेजारी तिने कारण लिहिलंय: प्रोफे शिकतील.

तिचं शून्य खोडायला मार्कांची वही उघडली. खोडता खोडता रडू आलं. थांबवलं नाही.