मामांच्या गाडीला विमानाची हवा

मुक्काम मामीच्या ओसरीवर,
पितृपंधरवड्यातला बुधवार, १९९६

तीर्थरूप सयाजीमामांना भाचा वीरधवल याचा दंडवत. (साधा नमस्कारही चालला असता, पण पुढचं वाचलंत की दंडवत का घातला ते कळेल.)

इकडे सगळी खुशाल आहेत. अंबूमामीचा गुडघा बरा आहे, फक्त माझ्यावर ओरडायला उठताना दुखतो. तिकडे सरहद्दीवर थंडी कशी आहे? तुमच्यासारख्या सुभेदाराला शेकोटीच्या जवळची जागा मिळते का, की तिथंपण नंबर लावावा लागतो? फलटणचा एक जवान मला एसटीत भेटला होता, तो म्हणाला तिकडे दाढीचं पाणीसुद्धा गोठतं. तो माणूस मोठा गमतीचा, पण त्याचं पुढच्या पत्रात सांगतो.

तर मामा, गाडी. जाताना तुम्ही म्हणाला होता, "एकच काम हाय. दर शनवारी चाकांची हवा बघायची. दसऱ्याला आंबॅसिडर दारात पुजली की किल्ली तुझी, पाचगणीला टुरिस्ट फिरव." हे मी विसरलेलो नाही. चोवीस वर्षांत मला कुणी दिलेलं हे पहिलंच धड काम. पण शनिवार दर आठवड्याला येतो हो! आणि मी कधी वाईला, कधी फलटणला (का ते विचारू नका, त्यात एका बैलजोडीची भानगड आहे).

सोमवारी मामीनं गाडी देऊन सांगलीला हळद आणायला पाठवलं. तिथं टायरवाला पुष्कर भेटला. हा आधी विमानतळावर चाकं बदलायच्या कामाला होता. तो म्हणाला की विमानाच्या चाकांत साधी हवा नसतेच, नायट्रोजन असतो, आणि एकदा भरला की महिनोन्‌महिने बघायला नको. आता तुम्हीच सांगा, शनिवारची कटकट कायमची मिटत असेल तर मी काय करायचं? चारी चाकं भरून घेतली. निघताना पुष्कर म्हणाला, यात साधी हवा मिसळू नका, म्हणजे केलेलं सगळं वाया. एवढं एकच वाक्य तो बोलला नसता तर आज हे पत्र पोस्टकार्डावर मावलं असतं.

येताना शिराळ्याच्या अलीकडं, फाट्यावर, मागचं डावं चाक बसलं. खिळा. तिथल्या पंक्चरवाल्या जोतीरामनं ट्यूब काढली, ठिगळ लावलं आणि पंपाची नळी हातात घेतली. मी आडवाच पडलो. म्हटलं, ही हवा नको, नायट्रोजन लागतो. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग चाकाकडं बघितलं. म्हणाला, "आरं गड्या, चाकाला काय कळतंय हवा कुनाची हाय?" तरी मी ऐकेना, तेव्हा वैतागून म्हणाला, "मग जा जनावरांच्या दवाखान्यात. तितं ड्रमभर हाय."

खोटं नव्हतं मामा. गाई-म्हशी भरवायला वळू-रेड्यांचं बीज ज्यात गार ठेवतात, तो पातळ नायट्रोजनच असतो. मी ट्यूब गळ्यात घालून दवाखान्यात गेलो. डॉक्टर बाहेर गेलेले. शिपाई बिराप्पा होता आणि तुमचा शाळूसोबती तात्याबा पहाटेपासून म्हैस घेऊन बसलेला. म्हैस माजावर, भरवायची घाई. तात्याबा म्हणाला, "आदी माजी म्हस. गाडी उद्याबी जाईल, म्हस थांबायची न्हाई." पण बिराप्पाला माझी गोष्ट लय आवडली. त्यानं ट्यूबचा वाल खोलला, रॉकेलचं नरसाळं लावलं आणि ड्रममधून डावभर ओतलं.

पुढचं मला नीट दिसलं नाही, कारण पांढरा धूर झाला. नरसाळं उडालं. बिराप्पा "आगं आयायाया" करत टेबलावर चढला. धूर गेल्यावर मी ट्यूब उचलली तर वालाच्या बुडाचं रबर पापडासारखं मोडून हातात आलं. आणि तात्याबाच्या हातात नुसता कासरा. म्हैस उसात! ती सापडली मंगळवारी दुपारी, दोन शेतं ओलांडून, आणि तोवर माज उतरला होता. तात्याबा मला जे बोलला ते मी लिहीत नाही, हे पत्र तुमचे साहेब उघडून वाचतात असं ऐकलंय.

तर सोमवारी म्हैस उसात घुसली, एवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "शाळा कितवीपर्यंत?" म्हटलं नववी, अधूनमधून. मग म्हणाले, साध्या हवेत पाचातले जवळजवळ चार हिस्से नायट्रोजनच असतो. मामा, म्हणजे तो जोतीरामच्या नळीत होताच! हे नववीच्या आतच शिकवतात म्हणे. त्या तासाला मी नदीवर असणार.

असो. मामीला हळदीचं काही बोलू नका, ती राहिलीच.

तुमचा आज्ञाधारक (यापुढे),
वीरधवल

ता. क. : तुम्ही विचाराल, डिकीत स्टेपनी होती ना? होती. पण तिच्यात साधी हवा होती. तीन चाकं विमानाची आणि एक साध्या हवेचं, गाडी एका अंगाला ओढेल असं मला वाटलं. शेवटी तीच लावून घरी आलो. गाडी सरळ चालते.

ता. क. २ : खरं पत्र इथून सुरू होतं. म्हैस पुन्हा एकवीस दिवसांनी माजावर येते. त्या दिवशी पहाटे बिराप्पाला ड्रमासकट तुमच्या गाडीतून गोठ्यावर आणायचं, असं तात्याबानं मला बेलभंडारा उचलायला लावून कबूल करून घेतलंय. आम्ही दोघांनी बोटांवर मोजलं. एकविसावा दिवस दसऱ्याचा येतो. तेव्हा रजेवर आलात की गाडी दारात शोधू नका. हार घेऊन तात्याबाच्या गोठ्यावरच या, पूजा तिथं करू. दारात पुजली तरच किल्ली, असं तुम्ही म्हणाला होता. दार कुणाचं ते म्हणाला नव्हता.

ता. क. ३ : दर शनिवारी हवा बघायचा कंटाळा म्हणून हे सगळं केलं. आता रोज सकाळी तात्याबा मला गोठ्यावर बोलावतो आणि भिंतीवर कोळशानं एक रेघ मारून घेतो. आज कालची धरून दुसरी झाली.