देवीचं तोंड

प्रिय दादा,

परवा पाटील आपल्या ओट्यावर येऊन बसला होता. डोक्यावर पांढरीशुभ्र टोपी! पोळ्यापर्यंत निजामाच्या अंमलदारांना कोंबड्या पोचवणारा हा माणूस, हिंदुस्थानची फौज आल्याबरोबर टोपी बदलून मोकळा झाला. मला म्हणाला, "सखू, नवरात्र जवळ आलं. तुझ्या किसनादादाच्या जागी आता तू बस. गावाला कौल कोन देईल?"

नव्या राज्यात पाटीलकी राहते का जाते, याची त्याला धास्ती आहे. देवीनं चारचौघांत त्याचं नाव घ्यावं, एवढंच त्याला हवंय. मी हो म्हणाले. ते कशासाठी, हे तुला एकट्याला सांगायचंय, म्हणून लिहायला बसले. धुळीत बोटानं अक्षरं गिरवायला तूच शिकवलंस, मग पहिलं पत्र तुलाच नको का?

तुझी मान पहिल्यांदा आपोआप झटक्यानं उडाली तेव्हा तू आठ-नऊ वर्षांचा असशील. मग डोळे मिचकायला लागले, खांदा उसळायला लागला, घशातून तो 'हुक्' आवाज. मी तुझी नक्कल करायची आणि तू हसायचास. पुढं शब्द यायला लागले आणि आपलं हसणं बंद झालं. भरल्या पंगतीत तू आत्याला काय म्हणालास, आठवतं? नंतर गोठ्यात जाऊन उपरणं तोंडात कोंबून रडत होतास.

आपण गुरव, देवीच्या पूजेचं घर. दुसऱ्या कुणाचं पोर असतं तर गावानं वेडं म्हणून सोडून दिलं असतं. तू गाभाऱ्याच्या दारात ओरडलास आणि लोक म्हणाले, देवी बोलली! बाबांनी ते खोडून काढलं नाही. वेड्याचा बाप होण्यापेक्षा, देवी ज्याच्या अंगात येते त्या 'झाडा'चा बाप होणं त्यांना बरं वाटलं. या एका गोष्टीसाठी मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

तुला खरा आराम मिळायचा तो सटवाच्या हलगीनं. आरतीला तो देवळाबाहेरच्या दगडापाशी उभा राहून हलगी घुमवायचा आणि तू पायरीवर बसून मांडीवर ताल धरायचास. तेवढा वेळ मान जागेवर, खांदा जागेवर, तोंड गप्प. तू एकदा मला म्हणालास, "सखे, सटवा वाजवून राहिला की माझं अंग माझं असतं." किती साधं बोललास! हे गावात कुणाला कळलं असतं तर काय बिघडलं असतं?

आणि त्याच सटवाला तू तो शब्द म्हणालास.

मी तो इथं लिहिणार नाही. त्याच्या जातीला हिणवायला सगळं गाव वापरतं तोच. अष्टमीचा दिवस, देवळापुढं सगळं गाव, हलगी थांबली आणि तुझ्या तोंडून तो तीनदा सुटला, त्याच्या पाठोपाठ "निघ, निघ". तू दोन्ही हातांनी तोंड दाबलंस, तरी बोटांच्या फटीतून येतच राहिला. सटवाची बायको पारूबाई लेकराला काखेत घेऊन उभी होती. तिनं लेकराच्या कानावर हात ठेवला. मी ते पाहिलंय दादा.

तो शब्द तुझ्या पोटात आला कुठून? पाटील सटवाला हाक मारायचा तीच त्या शब्दानं. बाबाही मारायचे. आपल्या ओट्यावर तो शब्द रोज पडलेला असायचा. तू कधी शुद्धीत उचलला नाहीस, एवढाच तुझा आणि त्यांचा फरक.

सटवाची झोपडी आणि त्यांचा पाण्याचा झिरा पाटलाच्या हळदीच्या वाफ्यांना लागून होते. ती जागा त्याला कधीची हवी होती. लगेच पुढं होऊन म्हणाला, "ऐकलं ना समद्यांनी? देवीनं सांगितलं, ह्यांचा विटाळ नको." आठ दिवसांत सटवाचं घर उठलं. बैलगाडीही कुणी दिली नाही. डोक्यावर गाडगी घेऊन ती माणसं शिरड शहापूरच्या वाटेला लागली आणि त्या झिऱ्यावर पाटलाची हळद पोसली.

तू चावडीवर गेलास. मान आवरत, थांबत थांबत, सगळ्यांसमोर सांगितलंस, "ती देवी नव्हती. माझा रोग होता. सटवाला परत आना." तुझं तेवढं एकच बोलणं शहाण्या माणसाचं होतं आणि तेवढंच गावानं मानलं नाही! पाटील म्हणाला, ह्याला बाहेरची बाधा झाली, देवीला खोटं पाडून राहिलाय. दुसऱ्या दिवशी त्याच्याच वाड्यातून मांत्रिक आला. तापलेला विळा तुझ्या मानेला लावला तेव्हा पाटील सुपारी कातरत होता.

मान उडायची आणि खपली निघायची. रोज हळद भरायची, रोज जखम उघडायची. हलगी असती तर मान थोडी तरी स्वस्थ राहिली असती, पण हलगी कुठं होती? शेवटच्या तापात तू मला एकच विचारत होतास, "पारूबाई काय म्हनली?"

आता सांगते काय म्हणाली. हट्टा गावच्या बाजारात भेटली होती. तू गेल्याचं तिला ठाऊक होतं. मी म्हटलं, दादा मुद्दाम बोलला नव्हता. ती म्हणाली, "ठाऊक हाय मला. भला मानूस होता. पर माझं लेकरू अजून हलगी वाजली की कानावर हात ठेवतं. त्याला काय सांगू, रोग होता म्हनून?"

 तू काय सांगितलं असतंस रे त्याला?

मागच्या आठवड्यात आईचे डोळे दाखवायला हिंगोलीला गेले, तेव्हा फौजेबरोबर आलेल्या डॉक्टरला तुझं सगळं सांगितलं. तो म्हणाला, हा मेंदूचा विकार आहे, माणूस शहाणा असतो, पण बोलू नये तेच नेमकं तोंडातून निसटतं. विलायती नाव त्यानं दोनदा सांगितलं, माझ्या जिभेवर काही बसलं नाही. पण बाहेर येऊन मी दवाखान्याच्या भिंतीला टेकून रडले. तुझ्या रोगाला नाव होतं दादा, आणि आम्ही तुला डाग दिला!

म्हणून मी पाटलाला हो म्हणाले. एक अट घातली, हलगीशिवाय देवी येणार नाही आणि हलगी सटवाचीच लागेल. तोंड वाकडं करून कबूल झाला. पारूबाईला निरोप धाडला, त्यात सांगितलं की पाटलाला अशा शिव्या घालीन की त्याचे पूर्वज उठून बसतील. तिचा उलटा निरोप आला, "आमी येतो. पर तसला शब्द काढू नका, त्याच्यासाठीबी नको. लेकरू संगं असनार हाय."

देवीच्या नावानं खोटं बोलायची भीती वाटत नाही का, असं तू विचारशील. तिच्या नावावर तुला जाळलं तेव्हा ती गप्प बसली. आता माझंही गप्प बसून ऐकेल.

तुला वचन देते. अष्टमीला मी केस मोकळे सोडून तुझ्या पायरीवर बसेन. शिवी एकही देणार नाही. त्याला हवं आहे ना, देवीनं नाव घ्यावं? घेईन! त्याचं, त्याच्या बापाचं, पुरं नाव, गावाच्या पार टोकापर्यंत जाईल एवढ्या आवाजात. मग झिरा कुणाचा होता ते सांगेन, विळा कुणाच्या वाड्यातून आला ते सांगेन आणि शेवटी म्हणेन, "निघ." देवी खोटी आहे असं तो म्हणू शकणार नाही, कारण तिला बोलती त्यानंच केलीय. त्यानं नाही म्हणत मान हलवली तर त्यालाही बाधा झाली म्हणायला गाव मोकळं आहे.

तुझं तोंड तुझ्या ताब्यात नव्हतं, दादा. माझं आहे.

तुझी नक्कल करणारी,
सखू