शेंडेनक्षत्र कुठून येतं

कुरुळी,
ता. ३० एप्रिल १९५७

चि. हिंदुराव यास छबूआक्काचा आशीर्वाद.

इकडं समदं ठीक. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. विमलला आन् लेकरांना माझी आठवण सांग. उन्हाचं कंपनीत जाताना डोक्याला फडकं बांधत जा.

एरवी पत्रं गुरुजी लिहून देत्यात. हे मी माझ्या हातानं लिहितेय. अक्षरं तूच शिकवलीस, चुका पोटात घाल.

परवा रविवारी तू न जेवता गेलास. मी तोंड फिरवून आत गेले, ते बरं केलं न्हाई. सांजच्याला खळ्यावर तू सांगत व्हतास, "आक्का, सूर्यापासनं लई लांब, थंडगार अंधारातनं येत्यात ही शेंडेनक्षत्रं. बर्फ आन् धूळ. सूर्याजवळ आली की वाफ व्हती, तीच शेपटी."

म्या म्हणलं, "कोण गेलं व्हतं तिथवर बघाया?"

"कुणी न्हाई. कुठल्या वाटंनं आली, त्यावरनं अंदाज बांधत्यात. चुकला तर बदलतील. पर माणसं मारत न्हाईत गं ती. आईलाबी तसल्या ताऱ्यानं मारलं न्हाई."

तेवढं मला सोसलं न्हाई. तुला वाटलं असंल, अडाणी बाई, शास्त्र मानत न्हाई. तसं न्हाई रे.

तू जन्मलास त्या वैशाखात आईला पहाटं कळा लागल्या. आबा गाडी घेऊन पुण्याला गेलेले. आई म्हणाली, "छबे, पळ, मळ्यातनं अंबूबाई सुईणीला आण." मी बारा वर्साची. ओढ्याजवळ आले आन् उगवतीला ते दिसलं. शेपूट पार वरपातूर.

मी भ्याले न्हाई, हिंदू. पोर भ्याली, असं समदे म्हणत आले. मला ते शेंडेनक्षत्र आवडलं. इतकं चांगलं काही मी कधी बघितलं नव्हतं. उजाडून ते विरेपातूर तिथंच बसले.

अंबूबाईला घेऊन आले तवा तू रडत व्हतास आन् आई गार पडली व्हती. बायका म्हणाल्या, शेंडेनक्षत्रानं नेली. मी व्हय म्हणलं. सत्तेचाळीस वर्सं व्हयच म्हणतेय. आता ते नुसतं बर्फ असंल, तर मग मीच उरते.

लेकरांना माझ्याकडं धाडायचं नसंल तर तसं कळव.

छबू

पिंपरी,
ता. ३ मे १९५७

ती. आक्कास हिंदूचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत तीनदा वाचलं. डबा तसाच परत आणला.

सुईण वेळेवर आली असती तर आई वाचली असती का, मला माहीत नाही. तुला खोटा दिलासा देणार नाही. पण माझी थोरली आता बारा वर्षांची आहे. काल तिच्याकडे बघत बसलो. एवढीशी होतीस तू.

आणि पुढचं तू लिहिलंच नाहीस. ते मला मामांनी सांगितलंय. सासरी नांदायला गेलीस ती मला कडेवर घेऊन. सासूबाई म्हणाल्या, "हे कशाला आणलं?" तू उंबऱ्याबाहेर बसून राहिलीस, दोघांना आत घेईपर्यंत.

रविवारी सगळ्यांना घेऊन पहिल्या एस.टी.नं येतो. बर्फाचं मी सांगेन मुलांना. त्या पहाटे ते कसं दिसत होतं, ते तू सांग. आवडलं होतं, हेसुद्धा सांग.

आई म्हटलं की जिचा चेहरा समोर येतो, तिचा,
हिंदू