दोघांत एक गोटा

शनिवार, १८ डिसेंबर १९५४. अकोला.

पोचलो. वाईहून निघताना थोरल्या वहिनींनी माणिकच्या हातावर दही घातले आणि डोळे पुसले. त्यांच्या मते आम्ही उभयता परदेशी चाललो. तसे खोटेही नाही. इथे प्रांत दुसरा, सरकार नागपूरचे, आणि मराठी अशी की पहिले दोन दिवस दुभाषा हवा. टांगेवाल्याने "कुठी जाता जी?" असे विचारले तेव्हा त्या 'जी'ने मी सुखावलो. पुढे कळले, तो घोड्यालाही 'जी'च म्हणतो.

पुण्याच्या संपादकांनी मला प्रांतरचनेच्या वादाची वार्तापत्रे पाठवायला इथे नेमले आहे. रुजू व्हायला दहा दिवस आहेत. ते डोंगरात घालवावेत ही माझ्या सहधर्मचारिणीची, माणिकची, कल्पना. वीस वर्षे मी आरामखुर्चीत बसून वाचकांना हिमालय दाखवीत आलो. तिचे म्हणणे, एखादा डोंगर आता पायांनी वाचा. नरनाळा किल्ला चढायचा आणि सातपुड्याच्या रांगेतून चालत चिखलदऱ्याला उतरायचे. माझे वय एकोणपन्नास, तिचे त्रेचाळीस, आणि दोघांत गुडघे तिचेच बरे.

संध्याकाळी कापसाच्या बंड्यांची (बैलगाडीला इथे बंडी म्हणतात) रांग पाहिली. उडालेला कापूस माणिकच्या केसांत अडकला. मी म्हटले, वार्धक्य शोभते. तिने माझ्या टकलाकडे पाहिले आणि काहीच बोलली नाही. असे मौन मोठमोठ्या भाष्यकारांना साधत नाही.

रविवार, १९ डिसेंबर. शहानूर.

अकोटपर्यंत मोटार, पुढे छकडा. छकड्याच्या तुलनेत मोटार हे सुख होते हे छकड्यात बसल्यावर कळले. वाटाड्या ठरला आहे: शालिकराम, साठीचा, बोटाएवढा बारीक. तीस वर्षे तो या वाटेने माणसे नेतो. माझ्या नव्या बुटांकडे बराच वेळ पाहून त्याने विचारले, "साहेब, हे बूट तुमाले नेतीन, का तुमीच त्याईले नेसान?"

माणिकने तासाभरात त्याच्या तीन मुलांची नावे, तेल्हाऱ्याला दिलेली मुलगी आणि तिची सासू, सगळे काढून घेतले. वार्ताहर मी आहे, असे घरात मानतात.

सोमवार, २० डिसेंबर. नरनाळा.

चढलो. प्रत्येक वळणावर माणिक आधी पोचून दगडावर बसलेली असे आणि मला मागून येणाऱ्या पाहुण्यासारखे 'या, या' म्हणे. वर महाकाळी दरवाज्याची कोरीव नक्षी, तळी, एक भली मोठी तोफ. शालिकरामने पळसाच्या पानांत पानगे भाजले. मी चार खाल्ले. तिने दोन खाल्ले आणि माझे मोजले.

मंगळवार, २१ डिसेंबर. खिंडीच्या आत, ओढ्याकाठी.

आजच्या चढणीने माझे सारे अलंकारशास्त्र घामावाटे गेले. चार तास घसरडा मुरूम आणि बोरीचे काटे. शेवटी माणिकने काठी पुढे केली आणि मला ओढून घेतले.

वर खिंडीत कमरेएवढी दगडांची रास आहे. शालिकरामने पागोटे काढले, एक गोटा कपाळाला लावून राशीवर ठेवला आणि आम्हालाही सांगितले की ज्याने त्याने आपल्या हाताने एकेक ठेवायचा. डोंगर तेवढे मोजून आत घेतो. माणिक वाकून गोटा निवडू लागली. ती मंडईत वांगी निवडते तशीच, प्रत्येक उलटून पाहून. मी दमलो होतो, आणि दमलो की मला विनोद सुचतो. माझा गोटा ठेवून मी जाहीर केले की शास्त्राप्रमाणे पतिपत्नी हा एकच देह, तेव्हा दोघांत एक गोटा पुरे. तिने विचारले, तुमच्या संस्कृतात दोघांचे वेगळे वचन असते, ते कशाला ठेवले आहे मग? मी म्हटले, ते व्याकरण, हे धर्मशास्त्र. ती हसली आणि हातातला तांबूस गोटा खाली टाकला.

शालिकराम हसला नाही. "असं नाई करत साहेब," एवढेच म्हणाला. आम्ही शिकलेली माणसे, असे मी त्याला सांगितले. "थेच तं म्हणतो जी," म्हणाला आणि पुढे चालू लागला.

तेव्हापासून तो माणिकच्या प्रश्नांना उत्तर देत नाही. तिने तीनदा पाण्याचे विचारले. रुसला असावा.

बुधवार, २२ डिसेंबर. जंगलखात्याचा बंगला.

आठ तास चाललो. बंगल्याचा चौकीदार अब्दुल गफ्फार, आणि त्याची बायको रहिमाबी. माणसे अगत्याची. गफ्फारने व्हरांड्यात एक खुर्ची मांडली. आत एक खाट घातली. रहिमाबीने एक कप चहा आणला. मला गंमत वाटली: धर्मशास्त्र इथवर पोचले म्हणायचे. मी दुसरा कप मागितला तर तिने माझ्याच कपात ओतला.

मग गफ्फारने विचारले, "बाईसाहब को काहेकू नहीं लाए साहब? हवा यहाँ की बहोत अच्छी है." माणिक त्याच्यापासून हातभर अंतरावर केस विंचरीत उभी होती. ती हसून म्हणाली, अहो चाचा, मी काय खांब आहे? गफ्फारने मान वळवली, दाराकडे पाहिले, आणि दार लावून घेतले. वारा फार आहे म्हणाला.

माणिकने विंचरणे थांबवले नाही. मीही चहा संपवला. चहा चांगला होता.

गुरुवार, २३ डिसेंबर. वाटेत, सकाळ.

वाटेवर मऊ धूळ आहे. तिघे चालतो. मागे पावलांच्या दोन रांगा. हे माणिकने आधी पाहिले. मला दाखवले, आणि मग पदराने कपाळ पुसले. मी गणित पुन्हा करून पाहिले. दोनच.

दुपार. शालिकरामला समोर बसवून विचारले. त्याने जे सांगितले ते जसेच्या तसे लिहितो, सवयीने.

डोंगर मोजून आत घेतो आणि मोजून बाहेर सोडतो. खिंडीत दोन गोटे पडले, दोन माणसे आत आली. उद्या पलीकडच्या खिंडीतून दोनच उतरतील. कोण, असे विचारले. "ज्याईनं ठेवला थे." मी आणि तो. परत जाऊन तिचा गोटा ठेवला तर? आतून ठेवलेला डोंगर मोजत नाही. दुसरा उपाय? त्याने बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरली. मोजलेल्यांतला एक आत राहिला तर त्याच्या जागी ती बाहेर येऊ शकते. मग लगेच म्हणाला, "माह्याकडं नका पाहू साहेब. माह्या घरी माणसं हायेत."

बाई तुला दिसते का? दिसत नाही म्हणाला. आवाज येतो. कालच्यापेक्षा कमी.

माणिकने सगळे ऐकले. मग म्हणाली, काळजी कशाला? शास्त्राप्रमाणे मी म्हणजे तुम्हीच ना. तुम्ही उतरलात की मी उतरलेच. आणि पिशवीतले संत्रे सोलून अर्धे मला दिले.

मला भीती वाटायला हवी. वाट पाहतो आहे. फक्त पाय गार आहेत.

शुक्रवार, २४ डिसेंबर. सकाळ.

तिने हात धरला आहे. दिसते आहे. हाताला कळत नाही.

बोलते ते ओठांवरून ओळखतो. मफलर गुंडाळा म्हणते. गुंडाळला.

दुपार. पलीकडची खिंड.

इथेही रास. खाली चिखलदऱ्याचा रस्ता दिसतो. एक मोटार गेली.

मी म्हटले, तू आधी. तिने पाऊल टाकले. चालली. बरीच चालली. राशीपाशीच होती. परत वळून मला म्हणाली (ओठ), तुम्ही जाऊन पाहा, कदाचित मागून येता येईल. कदाचित, हे तिने माझ्यासाठी घातले.

मी गेलो. हे लिहून ठेवतो: मी गेलो. थांबलो नाही, दोनदा विचारले नाही. तीस पावले. काहीच अडले नाही.

वळून पाहिले. ती येते आहे.

थोड्या वेळाने.

येते आहे. पाय उचलते, टाकते. पदर हलतो. सागाची पाने तिच्या पायाखाली मोडत नाहीत. तीस पावले. अजून तीसच.

शालिकराम पाठ करून बसला आहे. ऊन कलले की निघणार म्हणतो. साहेब, उठा न. तुमी मोजलेले हा.

नंतर.

चालते आहे. दमली आहे. तिला दमलेली मी कधी —

मनात सारखे येते की पुण्याला पत्र कसे लिहायचे. पहिले वाक्य तयारही झाले. चांगले आहे. त्या चांगलेपणाची मला —

काही वाटत नाही. चिमटा काढला. नाही.

वीस वर्षे आम्ही — नाही. मी. ती. दोन वेगळे —

ऊन कलले. शालिकराम उठला. काठी घेतली. माझ्याकडे पाहत नाही.

तिने हात वर केला. थांबा म्हणते की या म्हणते, इतक्या लांबून ओठ — नको म्हणते बहुधा. मान हलवते आहे. नको, नको. तरी चालते आहे.

वही शालिकरामला देतो. बाई खाली आल्या की त्यांच्याजवळ द्यायची, असे सांगितले. त्याने पागोटे काढले.

पायांत जीव नाही. तीस पावलांना पुरेल. हे वाक्य लिहून झाले की उठतो, कारण अर्धे वाक्य टाकून उठणे मला जन्मात जमलेले नाही, माणिक ताटावरून हाका मारी तेव्हाही मी आधी पूर्णविराम देई आणि मगच